खिळ्यावरची माळ

माझे वडील काविळीची माळ द्यायचे आणि मी लोणावळ्यातल्या एका लॅबमध्ये काविळीचं रक्त तपासायची. एका घराला एवढं भांडण पुरे. मी ते वीस वर्षं भांडले, हौसेनं भांडले, आणि दरवेळी जिंकले. आता ज्याच्याशी भांडायचं तो माणूसच राहिला नाही. हे लिहिताना माझी बाजू राखायची नाही, असं मी ठरवलं आहे. बघू किती जमतं ते.

आमचं घर आंबीच्या पुढं. समोर भाताची खाचरं, मागं कंपनीची भिंत. आई गेल्यावर आबा तिथं एकटेच राहायचे. आबा म्हणजे माझे वडील, दत्तोबा. माझ्यासकट अख्खं गाव त्यांना आबाच म्हणायचं. आठवडाभर त्या घरात रेडिओ सोडला तर आवाज नसायचा, पण रविवारी अंगण भरायचं. तळेगाव, कामशेत, पार चाकणकडून माणसं यायची, पिवळ्या डोळ्यांची, गळून गेलेली, सोबत एक नारळ घेऊन.

वरच्या ठाकरवाडीतली चिंगी आदल्या दिवशी डोंगरातून वेलाच्या काड्या तोडून आणायची. आबा त्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून दोऱ्यात एकेक गाठीनं अडकवायचे. ती लहानशी माळ रोग्याच्या डोक्यावर चुंबळीसारखी ठेवायची. दिवस जातील तशी ती वाढते, कानावर येते, गळ्यात पडते, छातीवर उतरते, आणि पायातून निघाली की कावीळ उतरली. नियम दोनच होते. पैसा घ्यायचा नाही, नारळ तेवढा ठेवून घ्यायचा. आणि काडी तोडल्यापासून माळ डोक्यावर जाईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. तोडताना चिंगी मुकी, बांधताना आबा मुके. आबांच्या तर ते अंगातच मुरलं होतं. महत्त्वाचं काही निघालं की हा माणूस गप्प.

लॅबचा डिप्लोमा झाला त्या वर्षी मी त्यांची एक माळ ओटीवरच्या खिळ्याला टांगली. आठ दिवसांत ती वीतभर वाढली. काड्या ओल्या असतात, वाळल्या की आकसतात, गाठी सैल पडतात, दोरा सुटतो. दुसरं काही नाही. रविवारी भर अंगणात मी विचारलं, "आबा, ह्या खिळ्याला पण कावीळ झालीय का?"

लोक हसले. आबांनी खिळ्याकडं पाहिलं आणि हातातली माळ बांधायला घेतली. पण त्या दिवसापासून ते प्रत्येकाला सांगायला लागले, "माळ घाला, पन तळेगावला जाऊन रगात बी तपासा. निसत्या माळंवर बसू नगा." तीनशे तरी माणसं त्यांनी लॅबकडं पाठवली असतील. हे मी त्यांच्या बाजूनं कधीच धरलं नाही. मला तो खिळाच आठवत राहिला, कारण त्यात मी जिंकले होते.

तेरा वर्षांपूर्वी गावात रक्तदान शिबिर झालं. आबांनीही हात पुढं केला. पंधरा दिवसांनी रक्तपेढीचं पत्र आलं, एकदा तपासणीला या. मी त्यांना लोणावळ्याला आणलं आणि माझ्या हातानं रक्त घेतलं. तपासणीच्या पट्टीवर रक्तातल्या पाण्याचे थेंब टाकले की पंधरा मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर काही नाही. दोन आल्या तर हिपॅटायटिस बी, ज्याला आपल्याकडं पांढरी कावीळ म्हणतात. दोन आल्या.

"मला कावीळ?" आबा आधी हसले. मग लॅबच्या पायरीवर जाऊन बसले, टोपी काढून.

मी त्यांना पुण्याला लिव्हरच्या डॉक्टरबाईंकडं नेलं. रक्ताच्या आणखी चार तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. बाई म्हणाल्या, घाबरायचं काही नाही. बहुतेक जन्मताना आईकडून किंवा अगदी लहानपणी लागण झाली असणार. विषाणू अंगात आहे, पण रक्तात त्याचा अंश नगण्य, लिव्हरला सूज नाही. त्यांनी कागदावर लिहिलं, निष्क्रिय. औषध नाही, फक्त सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. जेवणातून, हात लावल्यानं हे पसरत नाही. मला, माझ्या नवऱ्याला, माझ्या मुलीला तपासून लस द्यायला सांगितली. दाराशी आल्यावर त्यांनी परत हाक मारली. "एक लक्षात ठेवा. पुढं कधी कुणी स्टेरॉइड, कॅन्सरची औषधं, प्रतिकारशक्ती दाबणारं काहीही सुरू करायला निघालं, तर आधी हे सांगायचं. विसरायचं नाही."

परतीच्या वाटेवर आबांनी विचारलं, "औषीद न्हाई, तर मंग ती गप बसलीया कशानं?"

मला सांगायची हौस होतीच. मी म्हणाले, "आबा, बांधावरची हरळी कधी मुळापासून गेलीय का?"

"ती कशाला जातीय. कांड्याएवढं मूळ ऱ्हायलं तरी फुटती."

"तसंच आहे हे. विषाणूचं मूळ लिव्हरच्या पेशींच्या पार गाभ्यात बसलेलं असतं. ते निघत नाही. पण तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोज खुरपायला बसलेल्या आहेत. कुठल्या पेशीत विषाणू डोकं वर काढतोय ते त्या ओळखतात. काही पेशी मारून टाकतात, बाकीच्यांना नुसता निरोप देतात, की याला छापू नको, दाबून ठेव. बाहेर जो सुटतो त्याला रक्तातली दुसरी द्रव्यं धरतात. रात्रंदिवस चाललंय हे. म्हणून शेत स्वच्छ दिसतं."

आबा खिडकीतून बाहेरच्या बांधांकडं बघत होते. मग म्हणाले, "पन्नास वरीस खुरपत्यात आन् मला पत्त्या न्हाई." त्यांच्या आवाजात इतकं कौतुक होतं की मला हसू आलं. पुढं मग सहा महिन्यांनी रक्त द्यायला आले की विचारायचे, "काय गं राजी, बाया खुरपत्यात न्हवं?" मी रिपोर्ट बघून म्हणायची, "खुरपतायत." बारा वर्षं हे चाललं. चोवीस रिपोर्ट, सगळे नॉर्मल. चोवीस वेळा चांगलं बघितलं की माणसाला निष्क्रिय हा शब्द तेवढा लक्षात राहतो, दाराशी हाक मारून सांगितलेलं मागं पडतं.

गावात कुणाला कळू दिलं नाही. तेव्हा मला त्यात काही गैर वाटलं नाही. कुणाला सांगायची गरजच नव्हती.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास आबांच्या तोंडात फोड आले. मग छातीवर, पाठीवर, पाण्यानं भरलेले, मोठाले. फुटले की कातडी सोलून यायची. पांढरा सदरा अंगाला चिकटायचा आणि तो काढताना मी ओटीवर उभी राहून रडायची. तळेगावच्या कातडीच्या डॉक्टरांनी तुकडा तपासला आणि सांगितलं, यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटली आहे. तिला दाबावं लागेल. स्टेरॉइडच्या मोठ्या डोसच्या गोळ्या, सोबत आणखी एक, सहा-आठ महिने. त्याआधी करायच्या तपासण्यांची यादी त्यांनी लिहून दिली. यादीत चौथी ओळ हिपॅटायटिस बीची होती. चांगला डॉक्टर होता. त्यानं काहीही चुकवलं नाही.

मी म्हणाले, "सर, मी लॅबमध्येच आहे. सगळं आमच्याकडं करून आणते."

बाहेर काउंटरवर बबिता बसली होती. आमच्याच गावच्या गोरखची सून. रिपोर्ट तिच्याच हातातून आत जायचे. आबांनी तिच्याकडं पाहिलं आणि रिक्षात बसेपर्यंत एक शब्द काढला नाही. मग म्हणाले, "राजी, त्ये काविळीचं त्यात लिवू नगंस."

"असं कसं, आबा?"

"बबिता वाचंल. उद्याच्याला गावात हुईल. काविळीवाल्या दत्तोबालाच कावीळ. हसत्याल, त्याचं काय न्हाई. पन चाळीस वरीस मी लोकांच्या डोक्याला हात लावलाय. ज्याच्या घरातलं कोन काविळीनं गेलं असंल, त्याला वाटंल, ह्याच्याच हातानं लागली. मी कुणाकुणाला सांगू, हातानं लागत न्हाई म्हनून?" आणि मग ते म्हणाले, "तुज्याकडं कवा काय मागितलं न्हाई, पोरी. एवढं एक कर."

खरंच त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. माझ्या शिक्षणासाठी त्यांनी खाचर विकलं होतं आणि त्याचा उच्चारही केला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला आणखी एक वाटलं, ते लिहायला हात थांबतो. मला बरं वाटलं. आयुष्यभर ते गप्प बसून माझ्यावर मात करत आले होते, आणि आता त्यांची झाकली मूठ माझ्या हातात होती. उदार व्हायला मला आवडलं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी त्यांचं रक्त लावलं. पट्टीवर दोन रेघा आल्या, बारा वर्षांपूर्वीसारख्याच. मी संगणकावर त्यांचं नाव काढलं, साखर भरली, हिमोग्लोबिन भरलं, लिव्हरची सूज दाखवणारं एसजीपीटी अठ्ठावीस, म्हणजे नॉर्मल, भरलं, आणि चौथ्या ओळीत निगेटिव्ह लिहिलं. आमचे डॉक्टर संध्याकाळी येऊन दिवसभराच्या रिपोर्टांवर एकदम सही करायचे. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. पट्टी मी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली.

दाराशी मारलेली ती हाक तेव्हा आठवली नाही का, असं मला कुणी विचारलं तर मी विसरले होते असं सांगते. ते खरं नाही. काहीतरी आठवत होतं, कानाच्या मागं डास असावा तसं, आणि मी ते झटकलं. चोवीस रिपोर्ट नॉर्मल आहेत, सहा महिन्यांनी काय होणार आहे? ज्या बाईनं आयुष्यभर बापाला कागद खरा मान म्हणून सुनावलं, तिनं तो कागद खोटा केला.

गोळ्या लागू पडल्या. मार्चमध्ये फोड सुकले, एप्रिलमध्ये नवी कातडी आली, आबांचा चेहरा गोळ्यांनी गोल झाला आणि ते दोन माणसांचं जेवायला लागले. रविवारी अंगण परत भरलं. मेमध्ये डॉक्टरांनी गोळ्या कमी करत आणायला सुरुवात केली. जूनच्या रक्तात एसजीपीटी बासष्ट आलं. मला वाटलं, गोळ्या गरम पडल्या असतील. आबांनी सवयीनं विचारलं, "बाया खुरपत्यात न्हवं?" मी सवयीनं म्हणाले, "खुरपतायत."

बाया खुरपत नव्हत्या. चार महिने त्यांना झोपवून ठेवलं होतं, आणि हरळी बांधाबांधानं पसरली होती. हे मला नंतर पुण्यात कळलं. त्याहून वाईट हे कळलं की विषाणू मोकाट सुटतो तेव्हाही माणसाला काही होत नाही. गोळ्या कमी होतात, पांढऱ्या पेशी जाग्या होतात, बघतात तर सगळ्या लिव्हरभर तोच. मग त्या एकदम तुटून पडतात. विषाणू ज्या पेशीत असेल ती पेशीच कापत सुटतात. साठ वर्षं ज्यांनी राखलं, त्यांनीच शेत आडवं केलं.

जुलैचं रक्त द्यायला आबा आले नाहीत. फोनवर म्हणाले, पाऊस लय हाय, पुढच्या हप्त्यात येतो. रविवारी मी निघणार तर म्हणाले, "नगं येऊ. रस्त्यावर खड्डं पडल्यात. मी बरा हाय." पुढच्या रविवारीही तेच. एरवी मी एक रविवार चुकवला तर जो माणूस पुढचे चार दिवस फोन उचलायचा नाही, तो मला येऊ नको म्हणत होता. मला शंका यायला हवी होती. लोणावळ्याला पावसाळ्यात पर्यटकांनी रस्ते तुंबलेले असतात, घरातून निघायचंच नको वाटतं. मला हायसं वाटलं.

नंतरच्या गुरुवारी चिंगीचा फोन आला, कुणाच्या तरी मोबाइलवरून. "राजेश्वरीताई, ये. आबा उठंना."

आबा ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा जुना काळा चष्मा होता. पोट फुगलेलं, पाय सुजलेले. आणि गळ्यात काविळीची माळ. छातीपर्यंत उतरलेली, म्हणजे चांगली पंधरा-सोळा दिवसांची.

मी चष्मा ओढून काढला. झेंडूसारखे डोळे.

मग मी काय बोलले ते सगळं मला आठवतं. कोयतीनं माळ कापली आणि तोंडानं सुरू झाले. शिकलेली भाषा कुठल्या कुठं गेली. "पंधरा दिवस! पंधरा दिवस ही दोरी गळ्यात घालून बसलाय तुमी? खिळ्यावर दावली हुती ना तुमाला? एवढं माझं शिक्षान, एवढं रिपोर्ट, आन् शेवटाला काड्याच गळ्यात घातल्या?" तळेगावपासून पुण्यापर्यंत गाडीत मी थांबले नाही. तुमच्या अडाणीपणानं तुम्ही मरणार, असं म्हणाले. लोकांना रक्त तपासा म्हणून सांगता आणि स्वतः नाटकं करता, असं म्हणाले. आबा मागच्या सीटवर डोळे मिटून पडले होते. मला वाटलं, ते ऐकतच नाहीत.

पुण्यात एसजीपीटी दोन हजाराच्या वर होतं, रक्त गोठत नव्हतं, आणि विषाणूची मोजणी कोटींत गेली होती. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी लगेच विषाणूवरची गोळी सुरू केली. लहानशी पांढरी गोळी, रोज एक. हीच स्टेरॉइडच्या आधी सुरू करतात, म्हणाले. केली असती तर हे बहुतेक झालंच नसतं. मग त्यांनी फाइल उलटली आणि फेब्रुवारीतला रिपोर्ट बाहेर काढला.

"यात तर निगेटिव्ह आहे. कुठल्या लॅबनं केलं हे?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते ते आजही मला ठाऊक नाही. त्याआधी आबांचा आवाज आला, इतका वेळ निपचित पडलेल्या माणसाचा. "सायेब, त्ये रगात माझं न्हवतं. मी दुसऱ्याचं दिलं. पोरीला म्हाईत न्हाई."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. लिव्हर गेलं की मेंदूवर परिणाम होतो, माणूस भरकटतो, हे मी शिकले होते. मी म्हणाले, "त्यांना भ्रम होतोय." माझ्यापुरती ती सुटका होती.  डॉक्टरांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या खाटेकडं गेले.

लिव्हर बदलण्याचं बोलणं निघेपर्यंत मूत्रपिंडं थांबली होती. नवव्या दिवशी दुपारी आबा गेले. शेवटचे चार दिवस ते बोलले नाहीत.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी आंबीला घर झाडत होते. दहा वाजता अंगणात माणसं येऊन बसायला लागली. त्यांना माहीत नव्हतं. आठ जण होते, आठ नारळ. एका बाईनं माझ्या हातातला झाडू बघून विचारलं, "आबा शेतात गेल्यात का?" मागं भिंतीशी चिंगी उभी होती, फडक्यात काड्या बांधून. तिला माहीत होतं, तरी ती आली होती. पायच वळतात, म्हणाली.

मी ओटीवर उभी राहिले. "आबा गेले," मी म्हणाले. "काविळीनं गेले."

 मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "त्यास्नी कशी हुईल कावीळ?"

माझं डोकं फिरलं. "झाली! आणि झाल्यावर त्यांनी काय केलं माहितेय? हीच माळ गळ्यात घालून बसले. पंधरा दिवस. पंधरा दिवस आधी नेलं असतं तर कदाचित वाचले असते. ह्या काड्यांवर विश्वास ठेवून माझा बाप मेला. उठा इथनं. आधी रक्त तपासा जाऊन."

दोघंतिघं खरंच उठले. तेवढ्यात चिंगी पुढं आली. चाळीस वर्षं काड्या आणताना मुकी राहिलेली बाई, मी तिचा चढा आवाज कधी ऐकला नव्हता.

"आबाला नावं ठिवू नगंस, ताई. माळंवर त्याचा भरोसा न्हवता."

"मग घातली कशाला?"

"मीच घातली. त्याच्या हातानं त्याला कशी घालता यील? डोळं पिवळं झालं त्या दिशीच मी म्हनलं, राजेश्वरीताईला फोन लावा, दवाखान्यात जावा. म्या लय येळा म्हनलं. त्यो म्हनला, नगं. ती यील, डोळं बघंल, आन् तिला समदं कळंल. माज्यापायी तिनं कागदावर खोटं लिवलंय, म्हनला. पुन्याच्या डागदरबाईनं दाराशी सांगितल्यालं त्याला तवा आठवलं. त्या खोट्यानंच ह्ये झालंया, ह्ये तिला कळलं तर जलमभर जाळून घेईल सोताला. माळंनं उतरली तर उतरली. न्हाई उतरली तर म्हाताऱ्यानं माळंच्या नादानं जीव घालवला म्हनंल, मला शिव्या घालंल, आन् मोकळी हुईल."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला आन घातली हुती, बोलू नगंस म्हनून. पन तू त्याला लोकांम्होरं अडानी ठरीवलंस, त्ये मला सोसंना."

मला गाडी आठवली. तळेगाव ते पुणे, दीड तास. मी शिव्या घालत होते आणि ते डोळे मिटून पडले होते. ते सगळं ऐकत होते. माझ्या तोंडून जे यावं अशी त्यांची इच्छा होती, ते शब्दाशब्दानं आलं होतं, आणि ते समाधानानं ऐकत होते. हॉस्पिटलमध्येही त्यांना भ्रम झाला नव्हता.

उठलेली माणसं दारात थांबली होती. त्या बाईनं नारळ ओटीच्या कडेला ठेवला आणि माझ्याकडं बघत उभी राहिली. मी खाली बसले, आबा बसायचे तिथं, आणि त्यांना सांगायला सुरुवात केली. फेब्रुवारीतली पट्टी, दोन रेघा, चौथी ओळ. माझ्या हातानं काय लिहिलं ते. 

सोमवारी मी तेच लॅबच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "हे आता सांगून तुला काय मिळणार आहे?"  ज्याला सांगायला हवं होतं त्याला सगळं माहीतच होतं, आणि त्यानं मला ते कळू दिलं नव्हतं.